एका पत्र्याची प्रेमकथा

मनमाडमध्ये पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला "कुठं चाललात?" असं फारसं कुणी विचारत नाही. "कोणती गाडी?" असं विचारतात. गावाचं सगळं वेळापत्रकच जंक्शनच्या हातात. दौंडहून येणारी लाईन १८७८ साली इथं जोडली गेली. निजामाच्या मुलखातून, सिकंदराबादहून निघालेली मीटरगेज विसावं शतक उजाडता उजाडता इथवर आली आणि इथंच संपली. मुंबई-भुसावळची मोठी लाईन होतीच. मीटरगेज इथं संपली म्हणून मनमाडला मनमाडपण आलं. नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत नांदेड, परभणी, जालना आणि तेव्हाचं औरंगाबाद इकडून मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला मनमाडला उतरून गाडी बदलावी लागे. माल हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाई आणि माणसं आपापली बोचकी घेऊन पूल चढत. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेली कितीतरी बिऱ्हाडं अशीच पूल चढून पलीकडच्या फलाटावर बसली. बाईच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, पुरुषाच्या हातात पत्र्याची पेटी.

मनमाडला ही माणसं गाडीत चढेपर्यंतच दिसतात. पुढं ती कुठं उतरली, कुठं टेकली, कोण कुणाबरोबर राहिलं, हे इथल्या फलाटावरून कळत नाही. ते ज्या थोड्या मराठी पुस्तकांनी सांगितलं, त्यांत जयवंत दळवी यांची 'चक्र' वरच्या जागी आहे. कादंबरी १९६३ ची. १९८१ साली रवींद्र धर्मराज या दिग्दर्शकानं तिच्यावर त्याच नावाचा हिंदी सिनेमा आणला. दोन्हींची ओळख आपल्याकडं एकाच शब्दात करून दिली जाते: झोपडपट्टी. झोपडपट्टीची कादंबरी, झोपडपट्टीचा सिनेमा. ही ओळख चुकीची नाही, पण अपुरी आहे आणि त्यात 'चक्र'चं नुकसान झालं. ही मुळात प्रेमकथा आहे. गाव सुटलेल्या बायापुरुषांना एकमेकांजवळ राहायचंय, आणि त्यासाठी आधी डोक्यावर काहीतरी लागतं. एवढीच तिची अडचण, पण तीच कथा सगळी व्यापून राहिली आहे.

सिनेमात ही अडचण सुरुवातीलाच रोकडी समोर येते. गावातला सावकार नायिका अम्मावर हात टाकतो, नवरा त्याला ठार मारतो आणि दोघं लहानग्या बेनवाला घेऊन मुंबईला पळतात. मुंबईत आल्यावर नवऱ्याला पहिली गरज कसली वाटते, तर पत्र्याची. झोपडं उभं करायला पत्रा हवा. तो चोरायला जातो आणि गोळी लागून मरतो. प्रेक्षक अजून खुर्चीत नीट बसलाही नसेल आणि एका पत्र्यापायी एक संसार मोडलेला असतो. बायकोच्या अब्रूसाठी खून करणारा माणूस सिनेमाचा नायक व्हायचा. इथं तो काही मिनिटांत संपतो. कथा पुढं जाते ती बाईची.

मग बेनवा मोठा होतो. अम्माच्या आयुष्यात दोन पुरुष आहेत. एक लुका. नटवा, बढाईखोर, किरकोळ चोऱ्यामाऱ्या करणारा, बायकांची दलाली करणारा, आणि पोरासोरांचा हिरो. बेनवा त्याच्यावर फिदा आहे. दुसरा अण्णा, ट्रकड्रायव्हर. तो येतो तेव्हा येतो, पण आला की त्याच्यासोबत थोडी शाश्वती येते. पुढं कधीतरी नीट घर होईल, ही आशा अण्णामुळं. लुका म्हणजे मनाची ओढ आणि अण्णा म्हणजे छप्पर, असं ढोबळपणे म्हणता येईल. पण अम्मा अशी विभागणी करून जगत नाही. ती दोघांवरही जीव लावते आणि दोघांकडूनही आपलं मागते. चांगली बाई, वाईट बाई हा हिशेब ना कादंबरी मांडत, ना सिनेमा. १९६३ साली मराठी मध्यमवर्गीय वाचकापुढं हे ठेवणं धाडसाचं होतं. तेव्हाच्या आपल्या कादंबऱ्यांतल्या नायिका बहुतेक एकाच पुरुषासाठी झुरत.

अण्णासारखा माणूस मनमाडकरांना परका नाही. पानेवाडीच्या तेल डेपोंतून टँकर भरून जाणारे ड्रायव्हर इथल्या धाब्यांवर रोज जेवतात. त्यांच्या बोलण्यात घराचा विषय निघाला की तो नेहमी 'पुढच्या खेपेला' या शब्दांवर येतो. कुलभूषण खरबंदानं अण्णा फार आवाज न करता केलाय. दाराशी ट्रक थांबवून आत येणाऱ्या माणसाची ऐट आणि दुसऱ्या दिवशी निघायचं आहे ही घाई, दोन्ही त्याच्या देहबोलीत आहेत. लोकांच्या लक्षात राहिला तो नसीरुद्दीन शाहचा लुका. त्याला त्यासाठी फिल्मफेअरचं पारितोषिकही मिळालं. सुरुवातीचा टेचात चालणारा लुका आणि रोगानं, नशेनं पोखरलेला शेवटचा लुका हे एकाच नटानं केलेत यावर विश्वास बसत नाही. लुका प्रेमात पडलेला आहे, पण त्याला ते कबूल करायची सोय नाही. दलालानं प्रेम कबूल केलं की त्याचा धंदा बुडाला.

१९६३ हे वर्षच जरा विलक्षण होतं. त्याच वर्षी नाशिकजवळच्या विहितगावचे बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, आणि त्याच वर्षीचा ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'शहर और सपना' हा चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. त्यात मुंबईत नव्यानं आलेला तरुण आणि त्याची प्रेयसी रस्त्याकडेच्या भल्यामोठ्या पाइपात संसार थाटतात. एका वर्षात तीन जणांनी, एकमेकांशी सल्लामसलत न करता, मुंबईच्या त्याच उघड्या जागेकडं बोट दाखवलं. तिघांत फरक मात्र मोठा आहे. अब्बासांच्या पाइपात शेवटपर्यंत आशेचा दिवा तेवतो. ते त्यांच्या पिढीच्या समाजवादाला शोभणारं होतं. बागूल आतून लिहितात, सोसलेलं लिहितात, त्यांचा राग वाक्यावाक्याला अंगावर येतो. दळवी बाहेरचे. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा, मुंबईत वर्तमानपत्रात आणि मग अमेरिकन माहिती खात्यात नोकरी केलेला माणूस. ते झोपडपट्टीत राहिले नव्हते, आणि राहिल्याचा आवही त्यांनी आणला नाही. बातमीदारासारखे बघतात, लिहितात आणि हळहळत नाहीत. दलित साहित्याच्या दृष्टीनं पाहणाऱ्याला ही अलिप्तता खटकू शकते. मला ती कादंबरीची ताकद वाटते, कारण बाहेरच्या माणसानं कळवळा दाखवायला घेतला की तो बहुधा स्वतःबद्दलच लिहू लागतो.

'चक्र' ही दळवींची पहिली कादंबरी, हे आज सांगितलं तर अनेकांना खरं वाटत नाही. त्यांचं नाव निघालं की लोकांना 'ललित' मासिकातला ठणठणपाळ आठवतो, भल्याभल्या साहित्यिकांच्या टोप्या उडवणारा. नाहीतर 'संध्याछाया', 'बॅरिस्टर', 'पुरुष' ही नाटकं. पडद्यानंही त्यांच्याकडून बरंच घेतलं. 'बॅरिस्टर'वरून विजया मेहतांनी 'रावसाहेब' केला, 'महानंदा'वर चित्रपट झाला, पुढं 'दुर्गी' या नाटकावरून 'उत्तरायण' आला. पण यातलं बाकी सगळं घरातलं आहे. वाडा, देवळाचं आवार, म्हातारपणाचं एकटेपण. ज्यांना घरच नाही अशी माणसं दळवींच्या पडद्यावरच्या वाटचालीत फक्त 'चक्र'मध्ये आहेत.

सिनेमा करणारी मंडळीही पाहण्यासारखी आहे. निर्माते मनमोहन शेट्टी आणि प्रदीप उप्पूर. शेट्टी मूळचे फिल्म प्रक्रियेच्या धंद्यातले, 'ॲडलॅब्ज' उभी करणारे. याच जोडीनं पुढं श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून 'अर्धसत्य' काढला. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, कॅमेरा बरुण मुखर्जींचा. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त, ज्यांनी सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चं घर उभं केलं होतं. निश्चिंदीपूरचं पडकं घर आणि मुंबईचं झोपडं, दोन्ही एकाच माणसाच्या हातची. फिल्मफेअरनं त्यांच्या या कामाची दखल घेतली. 'चक्र'मधली झोपडी बघताना ती कुणी 'बनवली' आहे असं जाणवतच नाही. गोणपाट, फळ्या, तरटं, गंजके पत्रे. दार म्हणजे वाकून जायची फट. प्रेमाचे प्रसंगही याच फटीच्या आत घडतात आणि भिंतीपलीकडच्याला सगळं ऐकू जातं. इथं एकांत हीच चैन असते, हे कुणी संवादात म्हणत नाही. जागाच सांगते.

आणि अर्थात अम्मा झालेली स्मिता पाटील. वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, राजकारणातले. म्हणजे मनमाडवरून पुढं गेलं की लागणाऱ्या खानदेशातलं घराणं. ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची तेव्हा इकडच्या लोकांना 'आपल्या तिकडची' म्हणून तिचा कोण अभिमान. 'चक्र'च्या वेळी ती पंचविशीत होती, आणि तिच्या मोठ्या झालेल्या मुलाचं, बेनवाचं काम करणारा रणजित चौधरी जवळपास तिच्याच वयाचा. पडद्यावर हे खटकत नाही. ती म्हातारी दिसायचा प्रयत्नच करत नाही. गरिबीत सोळा-सतराव्या वर्षी आई झालेली बाई अशीच दिसते: पोराची आई आणि थोडीशी त्याच्याच वयाची. पोरावर ओरडते ती आईसारखी, आणि लुकाकडं बघते ती पोरीसारखी. या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'भूमिका'नंतरचा दुसरा. 'उंबरठा' मराठी माणसाला जास्त जवळचा, पण अभिनय म्हणून मी अम्माला त्यातल्या सुलभा महाजनच्या वर ठेवीन. सुलभाला बोलायला विचार आहेत. अम्माला फक्त दिवस काढायचाय.

तरीही 'चक्र' म्हटलं की अजून लोक काय आठवतात, तर अम्माचा आंघोळीचा प्रसंग. उघड्यावर आंघोळ करणारी स्मिता. सिनेमा विकणाऱ्यांनी पोस्टरवर तेच चढवलं आणि शहराशहरांत तेच लागलं. स्मितानं त्यावर नाराजी बोलून दाखवली. प्रसंगाला तिची हरकत नव्हती. झोपडपट्टीत राहणारी बाई आंघोळ करणार ती उघड्यावरच. हरकत होती ती विकण्याला. हा वाद मुंबई-पुण्यात नीतीचा झाला, कलेचा झाला. मनमाडच्या माणसानं त्याकडं वेगळं बघायला हवं. हे गाव वर्षानुवर्षं पाण्यासाठी तिष्ठलेलं आहे. वागदर्डी धरण पालखेड कालव्याच्या आवर्तनावर भरायचं, आवर्तन लांबलं की नळाला पंधरा-वीस दिवसांआड पाणी यायचं. उन्हाळ्यात ड्रम, कळश्या, पिंप यांनी अंगण भरायचं आणि पाणी आलं की मध्यरात्रीसुद्धा आळी जागी व्हायची. ज्या बाईनं अशा गावात संसार केलाय तिला तो प्रसंग बघताना पहिल्यांदा पाणी दिसेल. किती आहे, कुठून आणलं असेल, पोराला उरेल का. कॅमेराही खरं तर तेवढंच बघतो. अम्मा घाईत अंग धुते, कुणासाठी नाही. पोस्टर करणाऱ्यानं चौकटीतून पाणी काढून टाकलं आणि बाई ठेवली.

मनमाडला स्थलांतरित नव्हते असं नाही. सगळं गावच स्थलांतरितांचं आहे. फरक एवढाच की इथं आलेल्याला रेल्वेनं नोकरी दिली. १९०६ पासूनचा पुलांचा कारखाना, लोको, यार्ड. नोकरीमागून क्वार्टर आली, क्वार्टरमागून शाळा, संघटना, सोसायटी. पण तिथंही सगळ्यांना सारखं दार नव्हतं. १९३८ च्या फेब्रुवारीत १२ आणि १३ तारखेला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडलाच भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिच्यापुढं ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या कामगारांच्या दोन शत्रूंची नावं घेतली. गँगमन म्हणून घेतात, वरच्या जागी चढू देत नाहीत, ही तिथली तक्रार होती. म्हणजे नोकरी मिळालेल्या माणसालाही भांडावं लागलं. पण भांडायला त्याच्या पायाखाली जागा होती. अम्माच्या नवऱ्याकडं ना नोकरी, ना क्वार्टर, ना संघटना. क्वार्टरमधल्या खलाशाचं लग्न ठरतं तेव्हा मुलीकडचे विचारतात, "खोली आहे ना?" बेनवा आणि अमलीचं लग्न होतं तेव्हा हा प्रश्नच कुणी विचारू शकत नाही. हे दोघं या कथेतलं सर्वांत कोवळं प्रेम. सिनेमानं मात्र त्यांना फारच घाईत उरकलंय. अंजली पैगणकरची अमली आणखी थोडा वेळ पडद्यावर हवी होती.

सिनेमाबद्दल दुसरी तक्रार शेवटच्या भागाची. औषधासाठी वणवणणारा लुका औषध दुकानदाराचा खून करतो, पोलीस त्याला आणि बेनवाला धरून बडवतात, अम्माचा गर्भ जातो, आणि मग बुलडोझर येतो. एकामागून एक. दिग्दर्शकाला चक्र पूर्ण करायची घाई झाली असावी. आयुष्यात संकटं अशी रांगेनं येत नाहीत असं नाही, पण पडद्यावर ती अशी आली की प्रेक्षक रडायचं सोडून मोजू लागतो. अम्माचा गर्भ जाणं ही या प्रेमकथेची खरी शेवटची घटना आहे. तिच्यानंतर बुलडोझर नसता तरी चाललं असतं.

पण बुलडोझरला बाहेरच्या जगानं लगेच साक्ष दिली. सिनेमा १९८१ चा, आणि त्याच वर्षी जुलैत मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना मुंबईबाहेर काढण्याची मोहीम जाहीर केली. भर पावसात झोपड्या पाडल्या आणि माणसं बसमध्ये कोंबून 'गावी' पाठवली. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांना फोटोपास मिळाला त्यांच्याकडं निदान एक कागद होता, फुटपाथवाल्यांकडं तोही नव्हता. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर अनेक जण सर्वोच्च न्यायालयात गेले. या खटल्यातल्या अर्जदारांत तमिळनाडूतल्या सालेमचा एक भूमिहीन मजूर होता. दुष्काळानं १९६१ साली मुंबईला आलेला, फुटपाथवर बायकामुलांसह राहणारा. मोहिमेत त्याला सालेमला पाठवलं. तिथं काम नव्हतं. तो परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला. दळवींनी अठरा वर्षांपूर्वी कादंबरीला 'चक्र' हे नाव दिलं होतं. या माणसाच्या कहाणीनंतर त्या नावावर भाष्य करायला काही उरत नाही.

न्यायालयाचा निकाल १० जुलै १९८५ चा, सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या घटनापीठाचा. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्यात म्हटलं. कायद्याच्या पुस्तकांत तो आजही मोठा मानतात. पण त्याच निकालानं हेही म्हटलं की फुटपाथवर राहायचा हक्क कुणाला नाही. पाडा, मात्र नोटीस द्या, पावसाळा संपू द्या. म्हणजे जगण्याचा हक्क मिळाला आणि जागा ऑक्टोबरअखेरपर्यंत. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' हा माहितीपट याच काळातला. 'चक्र' बघितल्यावर तो बघावा; कल्पित आणि सत्य यांतली सीमारेषा कुठं आहे ते सापडत नाही.

सिनेमाच्या वाट्याला आलेलं भाग्य संमिश्रच. १९८१ मध्येच स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक, सुवर्ण बिबट्या, मिळालं. रवींद्र धर्मराज यांचा हा एकच कथापट. त्यानंतर लवकरच ते गेले. बन्सी चंद्रगुप्तही त्याच वर्षी गेले. १३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली, १९९४ मध्ये दळवी. मराठी सिनेमानं मात्र ही कादंबरी स्वतः हाती घेतली नाही. त्याच सुमाराला आपल्याकडं 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' झाले, तिन्ही उत्तम. सत्तेची घरं, सुधारगृह, साखर कारखाना, सगळं झालं. मुंबईच्या फुटपाथवरची मराठी, तमिळ, हिंदी अशी मिश्र बोली बोलणारी माणसं मात्र आपण हिंदीला देऊन टाकली. त्यामागं हिशेब असेल, भांडवल असेल. पण कादंबरी मराठीत लिहिली गेली होती, आणि ज्यांच्याबद्दल ती होती त्यांतले निम्मे तरी मराठवाड्या-खानदेशा-कोकणातून आले असतील, ही गोष्ट आपण फार सहज सोडून दिली.

आता मीटरगेज नाही. तपोवन, देवगिरी या गाड्या थेट मुंबईला जातात. गाडी बदलावी लागत नाही म्हणून फलाटावरचे ते मुक्कामही संपले. पण रात्री जनरल डब्याच्या दारात कधीही बघा: दाराशी उकिडवं बसलेलं तरुण जोडपं, मध्ये गोणी, गोणीवर पाण्याची बाटली, बाईच्या हातात मोबाइल आणि त्याच्यावर कुणीतरी पाठवलेला पत्ता. ठिकाण आता धारावी किंवा परळ नसतं. कल्याणच्या पलीकडं, भिवंडीकडं, पनवेलकडं असतं. खोलीचं भाडं आधी भरायचं असतं.

ज्यांच्या घरातलं कुणी असं गेलंय त्यांनी 'चक्र' बघावा, आणि त्याआधी वाचावी. गावातल्या वाचनालयात दळवी मागितले की बहुधा 'सारे प्रवासी घडीचे' हातात ठेवतात. तेही सुरेख पुस्तक आहे, घरी नेऊन हसायला हरकत नाही. पण 'चक्र' कपाटात मागं कुठंतरी असते. ती नाव सांगून मागून घ्या.